निवडणूकच झाली नाही, तर पक्ष कसा बदलला?

‘युद्धविरोधी भावना पक्षाला कशी बदलते?’ असा विषय घेतला की बहुतेक विद्यार्थी थेट व्हिएतनाम आणि १९६८ची अमेरिका गाठतात. बुलढाण्यात बसून अभ्यास करणाऱ्याला एवढं लांब जायची गरज नाही. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि हा प्रश्न इथल्या काँग्रेससमोर सहा वर्षं उभा होता.

आधी घटनाक्रम नीट लावून घ्या. डिसेंबर १९३६ मध्ये मलकापूरच्या पुढे, पूर्व खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. साम्राज्यवादी युद्धात भारताला ओढायला विरोध, ही भूमिका तिथे पुन्हा मांडली गेली. दोन महिन्यांत निवडणुका झाल्या आणि प्रांताच्या ११२ पैकी ७० जागा काँग्रेसला मिळाल्या. म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या आधीच पक्षाने शब्द देऊन ठेवला होता. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने कुणालाही न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं आणि नोव्हेंबरात रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढची प्रांतिक निवडणूक थेट १९४६ला.

आता खरी अडचण. युद्धकाळात मतदानच झालं नाही, मग भावना मोजायची कशाने?

एक गोष्ट लक्षात घ्या, ‘युद्धविरोध’ हे एकच चल नाही. काँग्रेसमध्ये त्याचे निदान दोन प्रकार होते. एक म्हणजे कोणतंही युद्ध नको, हा गांधी-विनोबांचा अहिंसेचा विरोध. दुसरा म्हणजे गुलाम राहून दुसऱ्याचं युद्ध लढणार नाही, हा राजकीय विरोध. जुलै १९४० मध्ये पुण्याच्या बैठकीत दुसऱ्या प्रकाराने उघड बाजी मारली. राष्ट्रीय सरकार द्या, संरक्षणात सहकार्य करतो, असा प्रस्ताव पक्षाने दिला आणि गांधीजी बाजूला राहिले. ब्रिटिशांच्या ऑगस्टच्या देकाराने निराशा झाली, तेव्हा सप्टेंबरात मुंबईला नेतृत्व पुन्हा गांधीजींकडे आलं. दोन महिन्यांत एवढी उलथापालथ! ‘काँग्रेस युद्धविरोधी होती’ असं एका वाक्यात लिहून मोकळं झालात, तर हे सगळं हातातून निसटतं.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. युद्धाला माणसं किंवा पैसा देऊ नका, एवढंच जाहीर बोलायचं आणि तुरुंगात जायचं. नंतर कायदेमंडळाचे सदस्य आले, मग स्थानिक समित्यांनी याद्या करून पाठवलेले कार्यकर्ते. मे १९४१ पर्यंत देशभरात २५ हजारांहून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. माझ्या मते पक्ष बदलला तो इथे. मतदार कुणाला निवडतो हे थांबलं होतं, पण पक्ष आपल्या माणसाची पारख कशी करतो हे चालूच होतं. आणि आता कसोटी तुरुंगाची होती.

१९४६ मध्ये त्याच ११२ जागांपैकी ९२ काँग्रेसकडे गेल्या. मतदारसंघांची रचना तीच, मताचा हक्कही १९३५च्या कायद्यानुसार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवरच. मोजपट्टी तीच आणि आकडा वाढलेला, म्हणून ‘युद्धविरोधामुळे २२ जागा वाढल्या’ असं लिहायचा मोह होतो. थांबा. मध्ये १९४२ आहे, आष्टी-चिमूर आहे, आझाद हिंद सेनेचे खटले आहेत, महागाई आहे. आपल्या कापूसपट्ट्यासाठी तर १९४१ मध्ये तुटलेली जपानची बाजारपेठही आहे. आखूड धाग्याच्या वऱ्हाडी कापसाचं ते मोठं गिऱ्हाईक होतं. खामगावच्या बाजारात युद्ध आलं ते असं.

दुसरा सापळा पक्ष सोडणाऱ्यांचा. बापूजी अणे १९४१ मध्ये आणि ना. भा. खरे १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. दोघेही विदर्भातले. म्हणून ‘युद्धावरून काँग्रेस फुटली’ म्हणायचं का? अण्यांनी १९३४लाच जातीय निवाड्यावरून वेगळा पक्ष काढला होता. खऱ्यांचं पद १९३८च्या मंत्रिमंडळाच्या भांडणात गेलं. कारण परिणामाच्या आधी यावं लागतं, एवढं तरी प्रयोगशाळेने आपल्याला शिकवलंय. युद्धाच्या प्रश्नावरून खरोखर बाहेर पडलेले म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय. फॅसिझमविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा द्यायचा म्हणून त्यांनी १९४० मध्ये वेगळा पक्ष काढला आणि १९४६ मध्ये तो सपाट झाला.

मग करायचं काय? बुलढाणा जिल्हा घ्या: चिखली, मलकापूर, मेहकर, खामगाव, जळगाव हे तेव्हाचे पाच तालुके. चार रकाने आखा: १९३७चे उमेदवार, १९४०-४१चे सत्याग्रही, १९४२चे कैदी, १९४६चे उमेदवार. राजपत्र, सरकारचे पाक्षिक अहवाल आणि नागपूरचं पुराभिलेखागार इथून सुरुवात करा. फक्त १९४०-४१ मध्ये तुरुंगात गेलेल्यांनाही उमेदवारी मिळालेली दिसली, तर युद्धविरोधाचा स्वतंत्र परिणाम मानायला आधार आहे. सगळी नावं १९४२चीच निघाली, तर ‘चले जाव’ने तो गिळून टाकला असं म्हणावं लागेल.

आणि एक पाचवा रकाना मुद्दाम ठेवा, १९३७ला होते पण तुरुंगात गेले नाहीत त्यांचा. पक्ष कुणाला पुढे आणतो हे सगळेच लिहितात. तो कुणाला गुपचूप मागे ठेवतो, ते याच रकान्यात सापडेल.