आधी चूळ भरा

मराठीत चूळ वेगळी आणि गुळणी वेगळी. घसा धरला की गुळण्या, जेवण झालं की चूळ. त्यामुळे दात साफ करण्याआधी डेंटिस्टबाईंनी औषधी पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. विशेष वाटलं ते कारण ऐकून. "काका, ही चूळ तुमच्यासाठी नाही, आमच्यासाठी आहे!" मग काय, घरी येऊन शोधत बसलो.

गोष्ट सुरू होते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात. तिथला कापडाचा व्यापारी अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक. १६८३ साली त्याने स्वतःच्या दातांवरचं किटण भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्रही लिहिलं. पठ्ठ्या तिथेच थांबला नाही. व्हिनेगरने चूळ भरून पुन्हा पाहिलं, तर दातांच्या फटीतले जीव जिवंतच! तेच किटण बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवलं, तर मात्र मेले. म्हणजे चूळ वरवर पोचते, आत पोचत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुढे जोसेफ लिस्टर. १८६५ मध्ये ग्लासगोत त्याने कार्बोलिक ॲसिड लावून जखमा चिघळण्यापासून वाचवायला सुरुवात केली. १८७१ पासून तर ऑपरेशनच्या वेळी हवेतच कार्बोलिकचा फवारा मारायला लागला. शेवटी १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यानेच सांगून टाकलं, की त्या फवाऱ्याची शिफारस केल्याची आपल्याला लाज वाटते. केवढं मोठं मन! (त्याच्या नावावरून १८७९ मध्ये अमेरिकेत निघालेलं लिस्टरीनही आधी शस्त्रक्रियेसाठी होतं, तोंडासाठी नंतर.)

हवेत जंतू येतात कुठून? जर्मनीतल्या कार्ल फ्ल्यूगने १८९७ च्या सुमारास दाखवलं, की नुसतं बोलतानाही तोंडातून जंतू असलेले सूक्ष्म थेंब उडतात. लंडनच्या मर्विन गॉर्डनने तर कमालच केली. लाल रंगाची वाढ देणाऱ्या जंतूंनी गुळणी केली आणि रिकाम्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये शेक्सपिअर म्हणून दाखवला! लांब ठेवलेल्या बशांतही लाल ठिपके उगवले. १९०६ मध्ये त्याचा अहवाल आला.

आपण उष्टं-खरकटं पाळणारी माणसं. पण हवासुद्धा उष्टी होते, हे कुठे मनात येतं?

दातांच्या दवाखान्यात ती फार उष्टी व्हायला लागली १९५० च्या दशकानंतर, अल्ट्रासॉनिक स्केलर आल्यावर. सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा थरथरणारं टोक आणि ते तापू नये म्हणून पाण्याची धार. किटण निघतं झकास, पण पाणी, लाळ आणि रक्त यांचा धुरळाही उडतो. १९६९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी तो पद्धतशीर मोजला. १९९२ मधल्या एका प्रयोगात आधी जंतुनाशकाने अर्धा मिनिट चूळ भरल्यावर हवेतून पकडलेले जिवंत जंतू ९० टक्क्यांहून जास्त घटले.

मग प्रश्न मिटला? नाही. हिरडीखालच्या खाचेत चूळ पोचत नाही. ल्युवेनहॉकचं व्हिनेगर आठवतंय ना? शिवाय यंत्राच्या नळीतल्या पाण्यातही जंतू असतात. अमेरिकेच्या सीडीसीने २००३ मध्ये ही चूळ भरा किंवा भरू नका, असं काहीच सांगितलं नाही. २०२० च्या कोविडमध्ये जगभर या चुळीची एकदम आठवण झाली. पण २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं, की तपासलेल्या अभ्यासांनी बशीतले जंतू मोजले होते. डॉक्टर किंवा मदतनीस खरोखर कमी आजारी पडले का, हे कुणीच मोजलं नव्हतं.

मला इथेच गंमत वाटते, आणि थोडी काळजीही. जंतू कमी होणं आणि आजार कमी होणं या दोन गोष्टी आपण सहज एक धरतो. खुर्चीत आपण अर्धा तास असतो. शेजारी सक्शनची नळी धरून उभी असलेली मुलगी दिवसभर त्या धुरळ्यात असते. तिचा मास्क आणि जोरदार सक्शन यांच्या जागी चूळ चालणार नाही. त्यांच्या जोडीला म्हणून मात्र खुशाल भरावी. लिस्टर सगळी हवा धुवायला निघाला होता. आपल्याला फक्त आपलं तोंड धुवायचं आहे, तेही दुसऱ्यासाठी.