तीन बाळ गंगाधर, आणि आमचा चौथा

आमच्या काकाचं नाव बाळ आणि आजोबांचं गंगाधर. त्यामुळे शाळेत हजेरी घेताना मास्तर 'बाळ गंगाधर' एवढं म्हणून मुद्दाम थांबत आणि मग आडनाव घेत. वर्गात हशा. गणित चुकलं की "नाव लोकमान्यांचं आणि पाढे हे असले?" हे ठरलेलं. आजोबांनी टिळकभक्तीपोटी हौसेने नाव ठेवलं, ओझं मात्र बाळकाकाने वाहिलं. पुढे तो पोस्टात लागला, पत्रांचं सॉर्टिंग करण्यात उभी नोकरी गेली आणि १९९४ साली निवृत्त झाला. निरोपाच्या वेळी हार गळ्यात घालून म्हणाला, "नावाला साजेसं काही आमच्या हातून झालं नाही बुवा." सगळे हसले, तोही हसला. मला मात्र ते वाक्य कुठेतरी लागलं.

हे सगळं परवा आठवायचं कारण म्हणजे जुन्या मुंबईबद्दल वाचत होतो. विषय १८३०-४० च्या काळातल्या शिक्षणाचा. त्यात एक नाव आलं, 'बाळ गंगाधर शास्त्री'. क्षणभर गोंधळलो. टिळकांचा जन्म १८५६ चा, मग हे कोण? थोड्या वेळाने डोक्यात प्रकाश पडला. हे तर आपले दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर! शाळेत आपण 'बाळशास्त्री' असंच पाठ करतो, त्यामुळे त्यांच्या वडिलांचं नाव गंगाधरशास्त्री हे लक्षातच राहत नाही.

मग म्हटलं, आणखी कोणी आहे का? तर आहे की. मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यांना पंतप्रधानच म्हणत) बाळासाहेब खेर, म्हणजे बाळ गंगाधर खेर. आणि गंमत बघा, तिघेही जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. जांभेकर देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे (तो भाग आता सिंधुदुर्गात), टिळक आणि खेर दोघेही रत्नागिरीत जन्मलेले. टिळकांचं पाळण्यातलं नाव खरं तर केशव, 'बाळ' हे घरातलं हाकेचं. पण तेच जगाच्या तोंडी बसलं.

नाव एक, पण उद्योग पाहा. जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी. ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम बघत, शिलालेख वाचत, अक्कलकोटच्या राजपुत्राला शिकवायलाही गेले होते. मराठीत कॅलक्युलसवर पुस्तक लिहिलं, त्याला नाव दिलं 'शून्यलब्धी'. १८४५ साली ज्ञानेश्वरी छापून काढली. आणि १८४६ मध्ये गेलेसुद्धा, वय जेमतेम चौतिशीचं!

टिळकांची राजकीय बाजू सर्वांना पाठ आहे. पण तेही मुळात गणिताचेच मास्तर. न्यू इंग्लिश स्कूल, मग फर्ग्युसन, १८९० मध्ये राजीनामा देईपर्यंत. शिवाय वकिलीचे वर्ग चालवले, लातूरला कापसाच्या जिनिंगमध्ये भागीदारी केली, १८९३ मध्ये नक्षत्रांच्या आधारे वेदांचा काळ काढणारा 'ओरायन' लिहिला. म्हणजे आकाशाचा नाद दोन्ही बाळ गंगाधरांना! टिळक पंचांगावर चालणारी घरं कोकणात अजूनही आहेत. त्यामुळे एखाद्या वर्षी आमच्या आळीत दोन वेगवेगळ्या महिन्यांत गणपती बसतात, ही या नादाचीच कृपा.

खेर सॉलिसिटर. तुरुंगवास त्यांनीही भोगला, पण त्यांचं मुख्य काम राज्य चालवण्याचं. १९३७ ला पंतप्रधान झाले, महायुद्धाच्या प्रश्नावर १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली तेव्हा पद सोडलं, १९४६ ला पुन्हा आले ते १९५२ पर्यंत. मग लंडनला उच्चायुक्त. परत आल्यावर राजभाषा आयोगाचे अध्यक्ष. मुंबईत मलबार हिलच्या रस्त्याला आणि वांद्र्याच्या खेरनगरला त्यांचं नाव आहे, पण तिथे राहणाऱ्या किती जणांना हे खेर कोण ते ठाऊक असेल?

तिघांची सालं वहीत एकाखाली एक लिहिली आणि थबकलो. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली तेव्हा जांभेकर सहा वर्षांचे होते. १५ ऑगस्ट १९४७ ला मुंबई प्रांताचा कारभार खेरांच्या हाती होता. म्हणजे महाराष्ट्रातली अख्खी इंग्रजी राजवट या एका नावाच्या तीन आयुष्यांत मावते. पहिल्याने साहेबाची विद्या शिकून ती मराठीत आणली, दुसरा साहेबाशी भांडून मंडालेला गेला, तिसऱ्याने साहेब निघून जाताना कारभार सांभाळला. जांभेकर सरकारी नोकरीत होते म्हणून ते टिळकांपेक्षा कमी ठरत नाहीत, आणि खेरांनी केसरी काढला नाही म्हणून त्यांचं नाव वाया गेलं असंही नाही. त्या त्या वेळी जे काम समोर आलं, ते तिघांनी नीट केलं. नाव आईबाप देतात, काम ज्याचं त्याला शोधावं लागतं.

काल बाळकाकाला फोन केला. आता नव्वदीला टेकलाय, कान थोडे गेलेत. ओरडून ओरडून त्याला हे सगळं सांगितलं. म्हटलं, तू एकट्या टिळकांशीच स्वतःला मोजत बसलास, या नावाचे आणखी दोघे होते आणि दोघांचे मार्ग वेगळे होते.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, एकाच नावाची चार पत्रं रोज यायची आमच्याकडे. नावावर गेलास तर पत्र चुकलंच म्हणून समज. पत्ता बघायचा." मी विचारलं, "चुकवलंस का कधी?"

"छ्या! अजिबात नाही," इतकं ठणकावून म्हणाला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

आणि ठेवता ठेवता हळूच विचारलं, "तो खेर गणितात कसा होता रे?"