जुना पितळी दिवा खरंच शंभर वर्षांचा आहे का? घरच्या घरी असं तपासा

माळा आवरताना जुना लामणदिवा सापडतो, फोटो ग्रुपवर पडतो आणि प्रश्न सुरू होतात. पितळ की कांस्य? किती जुना? सोबत ‘चिंच लावून लख्ख घासा’ हा सल्लाही येतो. तो एवढ्यात ऐकू नका. घासलं की वयाच्या खुणाही जातात.

आधी धातू बघू. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. नाही चिकटला, तरी पितळच असेल असं नाही. जस्ताच्या मिश्रधातूवर सोनेरी मुलामा असू शकतो. अशा वेळी दिव्याचे भाग सुटे करून कोरडे तोला, मग काठोकाठ भरलेल्या पातेल्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजा. ग्रॅमला मिलीलिटरने भागा. ८५० ग्रॅमच्या दिव्याने १०० मिली पाणी सांडलं, तर उत्तर ८.५. पितळ ८.४ ते ८.७ च्या आसपास असतं, जस्ताचे मिश्रधातू ७ च्या जवळपास. (आत हवा अडकली, तर हिशेब चुकतो. विजेच्या दिव्यावर हा प्रयोग नको.) कांस्य पितळेच्या इतकं जवळ आहे की घरी फरक कळणं कठीण. त्यासाठी सराफाकडचं एक्सआरएफ यंत्र बरं, पण तेही फक्त वरचा थर वाचतं.

वय ठरवणं जास्त अवघड. ‘कार्बन डेटिंग करा’ म्हणणाऱ्यांना सांगा, पितळेचं ते होत नाही. काळेपणावरही जाऊ नका, रसायनाने तो काही दिवसांत आणता येतो. झीज बघा. साखळीच्या कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथेच पातळ झाल्यात का? हात लागतो ती जागा गुळगुळीत आहे का? दिवा सगळीकडे सारखाच ‘जुना’ दिसत असेल, तर शंका घ्या. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला शोध, त्यामुळे तो भाग त्याआधीचा नाही. अर्थात स्क्रू नंतर बदललेलाही असू शकतो. घडणीवरून मात्र फारसं कळत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तुमच्यासारखाच दिवा दिसेल, पण त्याच घाटाचे दिवे आजही ओतले जातात.

हे सगळं कशासाठी? १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातल्या लेकीकडे दिवा पाठवायचा असेल आणि वयाची शंका असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या.