नाण्यांवरील दोष व आघात : जोगळटेंभी निधीच्या अनुरोधाने काही विचार

प्राचीन नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांची दृष्टी स्वभावतः निर्दोष नाण्याकडे वळते. ठसा पूर्ण उमटलेला, अक्षरे सुवाच्य, कड अभंग आणि पृष्ठ स्वच्छ असे नाणे उत्तम समजले जाते. छेद पडलेले, झिजलेले अथवा एका ठशावर दुसरा ठसा बसल्याने दुर्बोध झालेले नाणे कनिष्ठ प्रतीचे मानले जाते. बाजारातील मूल्याच्या दृष्टीने ही प्रतवारी स्वाभाविक असेल. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ती अनेकदा उलटी ठरते. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील एका महत्त्वाच्या प्रश्नाचा उलगडा ज्या नाण्यांनी केला, ती सर्व या अर्थाने ‘बिघडलेली’ नाणी होती.

इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड निधी सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याची पाहणी करून आपला वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. निधीतील नाण्यांची संख्या १३,२५० च्या आसपास होती व ती सर्व मुळात क्षहरात वंशातील नहपानाची होती. त्याच्या नाण्याच्या दर्शनी बाजूस राजाचे मस्तक व ग्रीक लिपीतील लेख आणि मागील बाजूस बाण, वज्र व ब्राह्मी आणि खरोष्ठी या दोन लिपींतील लेख असतो. परंतु यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर, म्हणजे शेकडा सत्तर नाण्यांवर, गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले आढळले. एका बाजूस कमानींचा पर्वत व त्याभोवती ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हा लेख. दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. नव्या ठशाखालून नहपानाच्या नाकाची रेषा, एखादे ग्रीक अक्षर अथवा बाणाचे टोक अर्धवट डोकावते. दोन्ही ठसे एकमेकांस बाधक झाल्यामुळे यांपैकी पुष्कळ नाण्यांवर कोणताही एक लेख अखंड वाचता येत नाही.

अशा नाण्यांचे महत्त्व ओळखावयाचे, तर त्यांवरील विकृती कोणत्या अवस्थेत उद्भवली हे प्रथम ठरवावे लागते. नाण्यावरील प्रत्येक खूण चार अवस्थांपैकी एकीतील असते: टांकसाळीतील, व्यवहारातील, भूमीतील आणि नाणे सापडल्यानंतरची. या चार अवस्था एकमेकींपासून वेगळ्या करणे हेच परीक्षणाचे मुख्य काम होय.

टांकसाळीतील दोष ओळखण्याचा एक सोपा नियम आहे. ठशाला तडा गेला, तर त्या तड्यात धातू शिरतो व नाण्यावर उंचावलेली रेषा उमटते. उलट नाण्यावर ओरखडा पडला, तर तो खोलगट असतो. म्हणून उंचावलेली रेषा ठशाचा दोष दाखविते व खोलगट रेषा नाण्यावरील आघात दाखविते. उंचावलेली तीच रेषा त्याच जागी दुसऱ्या नाण्यावर आढळली, तर दोन्ही नाणी एकाच ठशाची ठरतात. आणि एका नाण्यावर ती आखूड व दुसऱ्यावर लांब असेल, तर कोणते आधी व कोणते नंतर पाडले गेले हेही सांगता येते. कडेपासून आत गेलेली भेग बहुधा चकतीवर घाव पडताना धातू फाकल्यामुळे निर्माण होते. तिच्या कडा इतर पृष्ठाइतक्याच झिजलेल्या असतील, तर ती नाण्याच्या जन्मापासूनची समजावयास हरकत नाही.

अपुऱ्या घावामुळे आलेली अस्पष्टता व झिजेमुळे आलेली अस्पष्टता यांचीही नेहमी गल्लत होते. झिजेने प्रथम उंच भाग गुळगुळीत होतात; मस्तकाचा गाल व केस आधी जातात, खोलगट भागातील तपशील मागाहून जातो. घाव कमी पडला असेल, तर ठशाचा खोल भाग धातूने भरतच नाही. अशा जागी पृष्ठ गुळगुळीत नसून चकतीचा मूळचा खरबरीतपणा तेथे शिल्लक राहतो, आणि पुष्कळदा दुसऱ्या बाजूचा नेमका तोच भागही अस्पष्ट असतो. पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवर आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. त्यांवरील ग्रीक अक्षरे उत्तरोत्तर निरर्थक होत गेली. ती वाचता येत नाहीत याचे कारण झीज नव्हे. ठसा कोरणाऱ्यास ती लिपी येत नव्हती, हे होय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून या नाण्यांवर मस्तकामागे शक वर्षाचा अंक येऊ लागतो. परंतु चकती ठशाहून लहान असल्याने तो अंक अनेकदा कडेबाहेर जातो. शतकाचा अंक गेला आणि एकंदशकाचे अंक राहिले, असे नाणे घाईने वाचल्यास कालगणनेत शंभर वर्षांची चूक होऊ शकते.

दुसरी अवस्था व्यवहारातील. कौटिलीय अर्थशास्त्रात नाणी पाडून घेणारा लक्षणाध्यक्ष व नाण्यांची परीक्षा करणारा रूपदर्शक असे दोन निरनिराळे अधिकारी सांगितले आहेत. व्यवहारात आणि कोशात येणाऱ्या नाण्यांची पारख हे एक नियत काम होते, हे त्यावरून उघड होते. चांदीच्या आहत नाण्यांवर मुख्य पाच छापांखेरीज, विशेषतः मागील बाजूस, लहान लहान छाप आढळतात. हौशी संग्राहकास ते विद्रूपीकरण वाटते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तक्षशिला येथील निधींतील नाण्यांचे वजन करून असे दाखविले की, मागील बाजूच्या छापांची संख्या जसजशी वाढते, तसतसे नाण्यांचे सरासरी वजन घटत जाते. म्हणजे हे छाप चलनाच्या काळात वेळोवेळी मारले गेले, आणि छाप जितके अधिक तितका नाण्याचा प्रवास दीर्घ. येथे एका नाण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शेकडो नाण्यांची वजने एकत्र घेतली तरच तो संबंध दिसतो. म्हणून विद्रूप म्हणून बाजूस काढलेले प्रत्येक नाणे त्या गणनेतून वजा होते.

छेदांचेही तसेच आहे. आत तांबे व वर चांदीचा पातळ पत्रा अशी बनावट नाणी प्राचीन काळीही होती; ती उघडकीस आणण्यासाठी पारखी नाण्यावर छिन्नीचा घाव घालीत. परंतु प्रत्येक छेद परीक्षेसाठीच घातलेला असतो असे मानता येत नाही. १८९८ साली पुदुक्कोट्टै येथील रोमन सुवर्णनाण्यांचा जो निधी प्रसिद्धीस आला, त्यातील ५०१ नाण्यांपैकी बहुतेकांच्या सम्राटमुखावर छिन्नीचा घाव आहे. केवळ सोन्याची परीक्षा करावयाची असती, तर प्रत्येक वेळी मुखच निवडण्याचे कारण नव्हते. नाणे चलनातून बाद करण्यासाठी हा घाव घातला असावा, असे मत त्यावरून मांडले गेले. घावाची जागा व तिची पुनरावृत्ती यांवर हे अनुमान आधारलेले आहे.

तिसरी अवस्था भूमीतील. चांदीवर क्षारांच्या संपर्काने करड्या रंगाचा क्लोराइडचा थर येतो व फार काळाने धातू ठिसूळ होतो. चांदीत मिसळलेले तांबे पृष्ठभागातून प्रथम निघून जाते, त्यामुळे केवळ पृष्ठाचे क्ष-किरणांनी विश्लेषण केल्यास चांदीचे प्रमाण वास्तवाहून अधिक दिसते. तांब्याच्या नाण्यांवरील कठीण, एकसंध हिरवा थर निरुपद्रवी असतो. परंतु फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके क्लोराइडमुळे सुरू झालेल्या चालू क्षयाचे लक्षण होत, आणि दमट हवेत तो क्षय वाढत जातो. सातवाहनांनी शिसे विपुल वापरले. लाकडी कपाटातील आम्लयुक्त बाष्पानेही शिशाची नाणी पांढरी पडून पिठासारखी झडू लागतात. तेव्हा उत्खननातून सुखरूप आलेले नाणे संग्रहात नष्ट होण्याचा संभव राहतो.

यावरून चौथ्या अवस्थेचा विचार ओघानेच येतो. नांगराच्या अथवा कुदळीच्या फाळाने पडलेल्या घावात ताजा, चकचकीत धातू दिसतो. प्राचीन घावाच्या आतही बाजूच्या पृष्ठासारखाच थर असतो. हीच कसोटी घाव जुना की नवा हे सांगते. परंतु चिंच, राख अथवा आम्ल लावून नाणे घासले, की थर जातो व कसोटीही जाते. स्वच्छ केलेल्या नाण्यावरील छेद दोन हजार वर्षांपूर्वीच्या पारख्याचा की गेल्या पावसाळ्यातील नांगराचा, हे पुढे निश्चयाने सांगता येणे कठीण होते.

हे सर्व ध्यानी घेऊन जोगळटेंभीच्या नाण्यांकडे वळले म्हणजे त्यांचे खरे स्वरूप कळते. टांकसाळीत चकती घसरून एकच ठसा दोनदा बसल्यास त्याच आकृतीची पुनरावृत्ती होते. येथे तसे नाही. दोन भिन्न राजांच्या, भिन्न चिन्हांच्या आकृती एकीवर एक आहेत. शिवाय सातकर्णीच्या रेषा नहपानाच्या रेषांना सर्वत्र छेदून जातात, नहपानाच्या रेषा सातकर्णीच्या रेषांना छेदीत नाहीत. म्हणून क्रमाविषयी संशय राहत नाही. शेकडा सत्तर नाण्यांवर हाच प्रकार असल्यामुळे तो अपघातही नव्हे. चलनातील चांदी परत गोळा करून, ती न वितळविता, तीवर नव्या सत्तेची मुद्रा उमटविण्याचे हे राजकीय व आर्थिक कार्य होय.

या निष्कर्षाचे महत्त्व कोरीव लेखांच्या संदर्भात स्पष्ट होते. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, पुळुमावीच्या १९ व्या वर्षी गौतमी बलश्रीने कोरविलेल्या लेखात तिच्या पुत्राने खखरात वंश निःशेष केल्याचे म्हटले आहे. तो मातेने केलेला गौरव असल्याने त्यात अतिशयोक्ती असेल, अशी शंका घेण्यास जागा होती. त्याच लेण्यातील गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाच्या लेखात, पूर्वी उसभदाताकडे असलेले शेत दान दिल्याचा उल्लेख आहे. उसभदात अथवा ऋषभदत्त हा नहपानाचा जामात. नाण्यांनी या दोन्ही लेखांना स्वतंत्र आधार दिला.

तथापि काही अभ्यासकांनी रास्त आक्षेप घेतला. चांदीची नाणी राजाच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ चलनात राहतात. तेव्हा केवळ पुनर्मुद्रणावरून नहपान व गौतमीपुत्र समकालीन ठरत नाहीत. हा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. परंतु त्याचे उत्तरही निधीच्या समग्र रचनेत सापडते. इतक्या नाण्यांत नहपानानंतरच्या एकाही क्षहरात राजाचे नाणे नाही. मध्ये दुसरा राजा होऊन गेला असता, तर त्याची काही नाणी या संचयात येणे अपेक्षित होते. या अभावाला १८ व्या वर्षाच्या लेखाची जोड दिली म्हणजे दोघांत फार मोठे अंतर नव्हते, हे मत अधिक ग्राह्य ठरते. नहपानाच्या काळातील लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची मानून त्याचा काळ इ. स. ११९ ते १२४ धरावा, की ती अन्य गणनेची मानून त्यास पहिल्या शतकात न्यावे, याविषयी मतभेद आहेत. पण नहपानाचा काळ ज्या दिशेने सरकेल, त्याच दिशेने गौतमीपुत्राचाही सरकतो, हे बंधन या नाण्यांनी घातले आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नहपानाची मुखे निरनिराळ्या नाण्यांवर इतकी भिन्न दिसतात की, स्कॉट यांनी ती एकाच नावाने नाणी पाडणाऱ्या अनेक व्यक्तींची असावीत अशी कल्पना मांडली. मुखभेद खरोखर व्यक्तीचा, की ठसे कोरणाऱ्या निरनिराळ्या हातांचा, हे ठरविण्यास ठशांचा परस्परसंबंध लावावा लागतो. आणि त्यासाठी ठशाचे तडे व चकतीवरील सरकलेले घाव हेच साधन उपयोगी पडते. आज ही नाणी अनेक संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत विखुरलेली आहेत. त्यांतून केवळ सुबक मुखे निवडून ठेवली गेली असतील, तर त्या प्रश्नाचे उत्तर तितके दुरावले.

सारांश, संग्राहकाने दोष ओळखावयास शिकले पाहिजे, ते नाणे टाकण्यासाठी नव्हे, तर दोष कोणत्या अवस्थेतील हे नोंदविण्यासाठी. प्रत्येक नाण्याचे वजन, दोन्ही ठशांची परस्पर दिशा, छेदांची जागा व त्यांच्या आतील थर, मागील छापांची संख्या आणि नाणे कोणत्या निधीतील याची नोंद, स्वच्छ करण्यापूर्वीच्या छायाचित्रासह, ठेवणे अवश्य आहे. १८७८ च्या निधिविषयक कायद्याने सापडलेला निधी जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन घातले आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांस पुरावस्तूचा दर्जा दिला. या तरतुदींमागील हेतूही निधी समग्र अभ्यासला जावा हाच आहे. जोगळटेंभीची नाणी अस्वच्छ व दुबार ठशांची म्हणून आटविली गेली असती, तर बलश्रीच्या लेखातील ते विशेषण एका मातेची प्रौढी म्हणूनच वाचले गेले असते.