निरोपाचे वजन

एके काळी तारवाला दारात उभा राहिला, की तार उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होत असे. तार परीक्षेतील यशाची असू शके, नोकरीच्या बोलावण्याचीही असू शके. परंतु सामान्य घरात तिचा एकच अर्थ लावला जाई. तार खात्याकडे ‘साधी’ आणि ‘जलद’ असे दोन वर्ग होते खरे. पण तो भेद तार किती लवकर पोहोचावी आणि तिला किती पैसे पडावेत, एवढ्यापुरताच. आतील बातमीचे वजन लिफाफा फोडल्यावाचून घरच्यांना सहसा कळत नसे. वसईत किंवा गोव्यात चर्चची घंटा याहून शहाणी म्हणावी लागेल. घंटा एकच, पण तिच्या ठोक्यांवरून सण आहे, सायंप्रार्थना आहे की गावात कोणी निवर्तले आहे, हे शेतात राबणाऱ्यालाही उमगते.

भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. निरोप वाचण्याआधी त्याचे वजन कसे ओळखावे हा प्रश्न मात्र तिच्याबरोबर संपला नाही. संगणकांच्या जगात तर तो फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. कारण संगणक स्वतःविषयी अहोरात्र काही ना काही सांगतच असतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात एरिक ऑलमन हा तज्ज्ञ १९८० नंतरच्या दशकात ‘सेंडमेल’ या कार्यक्रमावर काम करीत होता. संगणकांमधील पत्रांची ने-आण करणाऱ्या या कार्यक्रमाला आपले बरेवाईट कोठेतरी टिपून ठेवणे भाग होते. त्यासाठी जी लहानशी सोय निर्माण झाली, ती ‘सिस्लॉग’. पुढे बर्कलीच्या युनिक्स प्रणालीतील इतर कार्यक्रमही आपल्या नोंदी तिच्याकडे धाडू लागले; कालांतराने रूटर, स्विच आणि फायरवॉल ही जाळ्यातील यंत्रेही तिचीच भाषा बोलू लागली.

या भाषेत गांभीर्याच्या आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे ‘इमर्जन्सी’, यंत्रणा निकामी झाली. एक, ‘अलर्ट’: या क्षणी हालचाल करा. दोन ‘क्रिटिकल’, तीन ‘एरर’, चार ‘वॉर्निंग’. पाचवी ‘नोटीस’ ही घडामोड नेहमीचीच, पण दखल घेण्याजोगी. सहावी ‘इन्फर्मेशनल’, नुसती माहिती. आणि सातवी ‘डीबग’, म्हणजे कार्यक्रम रचणाऱ्यांनी दोष शोधण्यासाठी ठेवलेली बारीकसारीक बडबड. आकडा जितका लहान, तितके संकट मोठे. नवशिक्याचा येथे हमखास गोंधळ होतो. त्याने वर्गातील पहिला क्रमांक आठवावा.

ही पायरी निरोपाच्या अगदी आरंभी आकड्यात लिहिलेली असते. निरोप धाडणाऱ्या विभागालाही एक क्रमांक असतो. विभागाच्या क्रमांकाला आठने गुणून त्यात पायरी मिळवावयाची. एखाद्याने संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाचे अधिकार मिळविण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला, असे समजू. ओळखपरीक्षेचा विभाग ४, पायरी २. म्हणून निरोपाच्या माथी ३४ हा आकडा येतो. घेणाऱ्याने ३४ ला आठने भागावे: भागाकार ४, बाकी २. चौथीच्या मुलाला जमणारे हे गणित. पण त्यामुळे निरोपाचे एक अक्षरही न वाचता त्याचे वजन कळते.

‘लॉग’ हा शब्द मूळचा दर्यावर्द्यांचा. दोरीला बांधलेला ओंडका पाण्यात सोडून ते जहाजाचा वेग मोजीत आणि तो वहीत टिपीत. तीच पुढे लॉगबुक झाली. योगायोग असा, की खूण नसलेल्या निरोपाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही समुद्रावरचेच आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ च्या सुमारास ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाच्या बिनतारी कर्मचाऱ्याने ‘टायटॅनिक’ला कळविले, की आम्ही बर्फाने वेढले जाऊन थांबलो आहोत. कप्तानाच्या हाती तत्काळ द्यावयाच्या निरोपास ‘एमएसजी’ ही अक्षरे जोडण्याचा त्या काळी रिवाज होता. हा निरोप मात्र मित्राशी बोलावे तशा सुरात, त्या खुणेवाचून आला. ‘टायटॅनिक’चा कर्मचारी प्रवाशांच्या तारा न्यूफाउंडलंडमधील केप रेस केंद्राकडे पाठविण्यात गढलेला होता. त्याने समोरच्याला गप्प केले. ११ वाजून ४० मिनिटांनी जहाज हिमनगावर आदळले. १,५०० हून अधिक माणसे गेली. केवळ तीन अक्षरांअभावी जहाज बुडाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बर्फाच्या काही सूचना त्या दिवशी कप्तानापर्यंत पोहोचल्याही होत्या. पण सर्वांत जवळची सूचना पोहोचली नाही.

तेव्हा प्रत्येक निरोपावर ठळक खूण असली म्हणजे झाले, असे वाटण्याचा संभव आहे. वेल्समधील मिल्फर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्याची कथा याच्या नेमकी उलट आहे. तेथे २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला आणि २६ जण जखमी झाले. यंत्रणेत २,०४० इशारे बसविलेले होते. त्यांपैकी ८७ टक्के ‘अतिमहत्त्वाचे’ म्हणून झळकत, जरी त्यांतील कित्येक निव्वळ माहितीचे होते. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन कामगारांपुढे २७५ इशारे येऊन आदळले. घंटा सारखी मोठ्यानेच वाजू लागली, की ती ऐकू येईनाशी होते.

सिस्लॉगच्या आठ पायऱ्या या दोन्ही संकटांच्या मधून वाट काढू पाहतात. कित्येक वर्षे हा सारा व्यवहार रूढीनेच चालला होता. ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेटच्या दप्तरात त्याचे केवळ वर्णन नोंदले गेले. रीतसर प्रमाण ठरले ते मार्च २००९ मध्ये. त्यात पायऱ्या आठच राहिल्या. मात्र गांभीर्याची समजूत सापेक्ष असते आणि सर्व यंत्रांची व्याख्या एकच आहे असे घेणाऱ्याने गृहीत धरू नये, अशी स्पष्ट सूचनाही तेथे आहे.

ती किती रास्त आहे, हे सिस्कोच्या रूटरवर दिसते. जोडणी तुटली, तर तिसऱ्या पायरीचा निरोप निघतो. आणि तीच जोडणी पूर्ववत सुरू झाल्याची शुभवार्ताही तिसऱ्याच पायरीने येते! उलट, कोणी रूटरची मांडणी बदलली, तर ती नोंद निघते पाचव्या पायरीने, कारण बदल करणे हे व्यवस्थापकाचे नित्याचेच काम. आता नोंदींच्या पुराला कंटाळलेल्या एखाद्या व्यवस्थापकाने ठरविले, की मध्यवर्ती संगणकाकडे चौथ्या पायरीपर्यंतचेच निरोप जावेत. निर्णय वरवर शहाणपणाचा. परंतु त्या दिवसापासून कोणी, कोठून मांडणी बदलली, याचा कागद मध्यवर्ती दप्तरात येईनासा होतो. मर्यादा चौथ्या पायरीवर आणली, हाही मांडणीतील एक बदलच. तो पाचव्या पायरीचा असल्याने त्या दप्तरात त्याचीही नोंद सापडत नाही.