नाकारलेले कारखाने जातात कुठे? रत्नागिरी, १९९३ ते आज

१/ एखाद्या गावाने कारखाना नाकारला की आपल्या लेखी ती कथा संपते. कारखान्याचा प्रवास मात्र संपत नाही. रत्नागिरी जिल्ह्याने हा प्रवास दोन्ही टोकांनी अनुभवला आहे: एकदा नाकारणारा म्हणून आणि एकदा दुसऱ्यांनी नाकारलेले पदरी घेणारा म्हणून. आजचा धागा या दोन घटनांविषयी आणि त्यांच्यामधल्या एका खाडीविषयी.

२/ १९९२ साली महाराष्ट्र शासनाने स्टरलाइट कंपनीला तांबे गाळण्याच्या प्रकल्पासाठी रत्नागिरीत सुमारे ५०० एकर जमीन दिली. तांब्याचे खनिज परदेशातून जहाजाने यायचे होते, त्यामुळे किनारा सोयीचा होता. जिल्ह्यात तेव्हा रोजगाराची वानवा होती आणि घरटी एक माणूस मुंबईत, अशी स्थिती होती. तरीही विरोध झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

३/ विरोधाचे कारण भट्टीत होते. तांब्याचे बहुतेक खनिज गंधकयुक्त असते. ते तापवताना सल्फर डायॉक्साइड वायू तयार होतो. तो पकडून सल्फ्युरिक आम्ल करता येते, पण जो सुटतो तो हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्लधर्मी होतो. खनिजात आर्सेनिकचाही अंश असतो. हापूसचा मोहोर थंडीत, दव पडण्याच्या दिवसांत येतो. नुसत्या धुक्यानेही मोहोर करपतो, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या बागायतदाराला धोका समजायला वेळ लागला नाही.

४/ १९९३ मध्ये बागायतदार आणि मच्छीमार रस्त्यावर उतरले. जुलैमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबवण्यास सांगितले आणि १९९४ च्या मे महिन्यात शासनाने परवानगी मागे घेतली. त्या काळी अशा प्रकल्पासाठी लोकांचे म्हणणे ऐकण्याची सक्ती कायद्यात नव्हती. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची अधिसूचना जानेवारी १९९४ मध्ये निघाली आणि जनसुनावणी बंधनकारक झाली ती १९९७ मध्ये. रत्नागिरीकरांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी न विचारताच उत्तर दिले होते.

५/ प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरिन, म्हणजे आजच्या थुथुकुडी येथे गेला. रत्नागिरीने परवानगी नाकारल्यानंतर काही महिन्यांतच तिथे पायाभरणी झाली. जनसुनावणी अजून बंधनकारक नव्हती, त्यामुळे तीही झाली नाही. १९९६ च्या अखेरीस भट्टी पेटली. २ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाबद्दल कंपनीला १०० कोटी रुपये भरपाई भरण्यास सांगितले. २२ मे २०१८ रोजी कारखान्याविरोधातील मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. त्या प्रकरणात १३ जणांचा जीव गेला. त्यानंतर कारखान्याला टाळे लागले आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले.

६/ यावरून ‘रत्नागिरी वाचली’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. कारण स्टरलाइटविरुद्धचा लढा चालू होता, तेव्हा याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी होती. मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यानच्या पठारावर तिचा विस्तार आहे. पठाराच्या एका अंगाला जगबुडी, दुसऱ्या अंगाला वाशिष्ठी, आणि दोन्ही नद्यांचे पाणी शेवटी जाते दाभोळच्या खाडीत.

७/ ही खाडी इतिहासाला अपरिचित नाही. दाभोळ हे बहमनी काळातले पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर. पंधराव्या शतकात दख्खन पाहायला आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन परतताना येथूनच जहाजावर चढला. बंदराचे वैभव पुढे ओसरले, पण खाडी भोई, दालदी, खारवी समाजांना पोसत राहिली.

८/ कायदा नव्हता म्हणून लोट्याचे प्रदूषण झाले, असे म्हणता येत नाही. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे, केंद्राचा कायदा १९७४ चा. म्हणजे वसाहतीच्या आधी कायदा होता. पुढे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रही आले. तरीही खाडीत मेलेल्या माशांचा खच पडण्याच्या घटना पुन:पुन्हा घडत राहिल्या.

९/ यात खाडीच्या स्वभावाचाही वाटा आहे. नदीत सोडलेले पाणी खाली वाहून जाते. खाडीतले पाणी भरतीबरोबर परत वर येते. दिवसातून दोनदा. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजताना पाण्यातला प्राणवायू शोषला जातो आणि मासे गुदमरतात. जड धातूंसारखे घटक गाळात बसतात आणि गाळात वाढणाऱ्या जीवांवाटे अन्नसाखळीत शिरतात.

१०/ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात लोट्याची विशेष दखल घेतली. नंतर एका जाहीर पत्रात गाडगीळांनी हिशेब मांडला: वसाहतीत रोजगार सुमारे ११,००० लोकांना, आणि प्रदूषणाने उपजीविका गेली ती सुमारे २०,००० मच्छीमारांची. त्यांनी आणखी एक नोंद केली. २००७ ते २००९ या काळातल्या सुमारे ६०० दिवसांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचे दिवस जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश लागू होते. १९९३ मध्ये रस्त्यावर उतरून नकार देणाऱ्या जिल्ह्यात दीड दशकानंतर रस्त्यावर जमणेच दुष्कर झाले होते.

११/ आता इटलीकडे वळू, कारण लोट्याचा ताजा अध्याय तिथे सुरू होतो. उत्तर इटलीतील त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना पीफास गटातली रसायने बनवत असे. पाणी आणि तेल न चिकटू देणारी ही द्रव्ये. त्यांच्यातील कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका चिवट असतो की ती निसर्गात जवळपास विघटित होत नाहीत आणि नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेलाही दाद देत नाहीत. २०१३ मध्ये तिथल्या भूजलात ती आढळल्याचे उघड झाले. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न निर्माण झाला, शासनाने लोकांच्या रक्ताच्या तपासण्या सुरू केल्या.

१२/ २०१८ मध्ये मितेनी दिवाळखोर झाली. जून २०२५ मध्ये विचेन्झा येथील न्यायालयाने तिच्याशी संबंधित ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. दरम्यान कारखान्याची यंत्रसामग्री विकली गेली होती. ती लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय समूहाच्या उपकंपनीने घेतली. यंत्रे समुद्रमार्गे भारतात आली आणि उभी राहिली लोटे परशुरामला.

१३/ येथे सावधपणे बोलले पाहिजे. यंत्रे आली म्हणजे प्रदूषणही आले, असे सिद्ध होत नाही. तेच यंत्र निराळ्या शिस्तीने चालवता येते. पण त्रिस्सिनोत हानी लक्षात यायला कित्येक दशके लागली, कारण त्या द्रव्यांना ना रंग ना वास. मासे मेले की खाडी निदान ओरडते. हे विष मूक असते.

१४/ म्हणून प्रश्न मोजणीचा आहे. वसाहतीपूर्वी दाभोळच्या खाडीत किती आणि कोणते मासे मिळत, याची पद्धतशीर नोंद सरकारदरबारी असती, तर मच्छीमारांना आपले नुकसान आठवणींच्या आधारे सिद्ध करावे लागले नसते. आज लोट्याभोवतीच्या विहिरींच्या पाण्याची, खाडीतल्या गाळाची, तिथे राहणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी करून आकडे जाहीर केले, तर वीस वर्षांनी कोणाला शपथेवर आठवणी सांगाव्या लागणार नाहीत. रत्नागिरीने नाकारलेल्या भट्टीचे पुढे काय झाले, हे जाणण्यासाठी आपल्याला थुथुकुडीकडे पाहावे लागते. त्रिस्सिनोचे लोक उद्या लोट्याकडे पाहतील, तेव्हा त्यांना दाखवायला आपल्याकडे निदान आजची नोंद असावी.