वाटा की पोटगी? : कोल्हापूर आणि अपंगत्वाचा सामाजिक इतिहास

हिंदू दायविभागाच्या शास्त्रात 'अनंश' असा एक शब्द येतो. वडिलोपार्जित मालमत्तेत ज्याला अंश नाही, तो अनंश. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अशा माणसांची यादी आहे. जन्मांध, बहिरा, मुका, वेडा, जड बुद्धीचा, एखादे इंद्रिय नसलेला, हे सारे तिच्यात येतात. त्यापाठोपाठ लगेच असेही सांगितले आहे की या सर्वांना शक्तीप्रमाणे अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होय. म्हणजे वाटा नाही, पोटगी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीची भूमिका फारशी वेगळी नाही आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' टीका तर महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या या टीकाकाराने एक बारकावा नोंदवला आहे. औषधोपचाराने दोष दूर झाला तर वाटा मिळतो आणि वाटणी झाल्यानंतर दोष उद्भवला तर मिळालेला वाटा जात नाही. अपंगत्व हे माणसाचे सार नसून एक अवस्था आहे, याची अंधुक जाणीव या बारकाव्यात दिसते. मूळ विभागणी मात्र तशीच राहते. अपंग माणूस कुटुंबाच्या दयेचा विषय आहे, कुटुंबाचा भागीदार नाही.

ही विभागणी कायद्याने मोडायला १९२८ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या अधिनियमाने मिताक्षरा पद्धतीतील जन्मतः वेडा किंवा जड बुद्धीचा नसलेल्या प्रत्येक अपंगाला वारसाहक्क दिला. उरलेला अपवाद १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने काढून टाकला. रोग, दोष वा व्यंग या कारणाने कोणीही वारसा गमावणार नाही, असे त्याचे अठ्ठाविसावे कलम सांगते. घरातल्या मालमत्तेपुरता प्रश्न असा मिटला. पण रस्ता, शाळा, कचेरी, नाट्यगृह हीदेखील एक सामाईक मिळकतच असते. त्या मिळकतीत अपंगांचा वाटा आहे की त्यांना केवळ पोटगी मिळते, हा प्रश्न कोल्हापूरच्या इतिहासातून वाचण्याचा प्रयत्न पुढे केला आहे.

मराठी पत्रकारितेच्या आरंभकाळातील एक गाजलेला खटला कोल्हापूरशी निगडित आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. दिवाण माधवराव बर्वे यांच्याविषयीच्या मजकुरावरून 'केसरी' आणि 'मराठा' यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली. ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना तुरुंगवास घडला. आगरकरांचे डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांचे वृत्त मराठी गद्याच्या अभ्यासात आवर्जून वाचले जाते. पण या खटल्याच्या मुळाशी काय होते, याकडे क्वचितच लक्ष जाते. तेथे एक आजारी म्हटला गेलेला तरुण होता. दत्तक म्हणून १८७१ मध्ये गादीवर आलेले चौथे शिवाजी महाराज यांना वेड लागले आहे असे ब्रिटिश अधिकाऱ्यांचे म्हणणे होते, तर त्यांचा छळ होत आहे असे वृत्तपत्रांचे. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

वेड खरे होते की लादलेले, हा वाद इतिहासकारांचा आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी. सरकार बोलले, दिवाण बोलले, संपादक बोलले. ज्याच्याविषयी हे सारे बोलणे चालले होते त्याचा स्वर मात्र या कोलाहलात जवळजवळ ऐकू येत नाही. 'वेडा' हा शब्द एकदा चिकटला की छत्रपतीच्या गादीवरचा माणूसही आपल्याविषयी बोलण्याचा अधिकार गमावून बसतो. त्याला पहारा मिळतो, भत्ता मिळतो, औषध मिळते. पोटगी राजाची असली तरी ती पोटगीच.

त्याच गादीवर १८८४ मध्ये शाहू महाराज दत्तक आले. त्यांच्या कारकिर्दीतील दोन गोष्टी आपल्या विषयाला लागून आहेत. पहिली वसतिगृहांची. १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील विद्यार्थी अशा अनेकांसाठी वसतिगृहे उभी राहिली. शाळेचे दार उघडे असणे पुरेसे नाही, दारापर्यंत पोहोचण्याची आणि तेथे टिकून राहण्याची सोयही करावी लागते, हे या वसतिगृहांमागचे तत्त्व होते. आजच्या परिभाषेत ज्याला सुगम्यता म्हणतात तिचे बीज येथे आहे. १९०२ च्या राखीव जागांच्या आदेशाला या छपरांची जोड नसती, तर त्या जागांवर बसायला माणसे कोठून आली असती? दुसरी गोष्ट १९१७ च्या सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची. ते पाऊल मोठेच होते. पण सक्तीच्या शिक्षणाच्या त्या काळच्या कल्पनेत आजारी वा अशक्त मुलाला 'सूट' देणे गृहीत असे. ही सूट सहानुभूतीतून दिलेली असली तरी तिचा परिणाम अनंश ठरवण्याचाच होता. ज्याला शाळेत येण्याची सक्ती नाही त्याच्यासाठी शाळेची पायरी बदलण्याचीही सक्ती उरत नाही.

याच कोल्हापूरने खासबागेचे मैदान बांधले आणि तालमी नांदवल्या. घोटीव शरीर ही या शहराची अस्मिता झाली. तिच्यात गैर काही नाही. परंतु जेथे शरीराच्या सामर्थ्याचा एवढा गौरव होतो, तेथे न चालणाऱ्या शरीराला आपली जागा मागताना दुहेरी संकोच पार करावा लागतो.

हा संकोच ज्यांनी मोडला त्यांत नसीमा हुरजूक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९५० साली सोलापुरात जन्मलेल्या नसीमा यांच्या कमरेखालच्या शरीराची संवेदना ऐन शालेय-महाविद्यालयीन वयात गेली. नैराश्याच्या त्या काळात त्यांची भेट बाबूकाका दिवाण या उद्योजकाशी झाली. तेही अपंग होते आणि स्वतःच्या सोयीप्रमाणे बदलून घेतलेली मोटार स्वतः चालवीत. उपदेशापेक्षा त्या मोटारीने अधिक काम केले असावे. शरीर बदलत नसेल तर यंत्र बदलता येते, इतके साधे ते उत्तर होते. पुढे नसीमा यांनी शिक्षण पूर्ण केले, केंद्र सरकारच्या अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. उचगावचे 'घरौंदा' वसतिगृह, समर्थ विद्यामंदिर ही शाळा, चाकाच्या खुर्च्या व कॅलिपर बनवणारी कार्यशाळा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मोरे येथील काजूप्रक्रियेचा प्रकल्प असा तिचा विस्तार होत गेला.

या यादीतील तर्क समजून घेण्यासारखा आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला पाय चालवता येत नाहीत एवढेच सामान्यतः लोकांना दिसते. त्याचे मूत्राशयावर व मलविसर्जनावर नियंत्रण राहत नाही, एका जागी फार वेळ बसल्यास त्वचेला जखमा होतात आणि त्या चिघळल्या तर जीवावर बेततात, हे दिसत नाही. म्हणून त्याच्या दृष्टीने उताराइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व शौचालयाला असते. खुर्ची आत जाईल एवढे रुंद दार, ती वळवता येईल एवढी मोकळी जागा, धरायला दांडा; यांतले एक जरी नसले तरी शाळा सुटते, नोकरी सुटते. वसतिगृह, शाळा, खुर्चीची दुरुस्ती आणि रोजगार या चार कड्यांतली एक तुटली की उरलेल्या तीन निकामी होतात. शाहूकालीन वसतिगृहांचा धडा येथे नव्या संदर्भात पुन्हा गिरवला गेला, असे म्हणता येईल.

नसीमा यांचे आत्मकथन 'चाकाची खुर्ची' २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकाकडे साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावे. मराठीत 'खुर्ची' हा अधिकाराचा शब्द आहे. खुर्ची मिळते, जाते, खुर्चीसाठी भांडणे होतात. तिला चाक लावताच तो शब्द दयेच्या प्रदेशात ढकलला जातो. या आत्मकथनाने तो प्रदेश नाकारला. चौथ्या शिवाजी महाराजांच्या प्रकरणात जी जागा रिकामी होती, म्हणजे ज्याच्याविषयी बोलले जाते त्याच्या स्वतःच्या बोलण्याची, ती याच शहरातून शतकाहून अधिक काळाने भरली गेली. दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला वाचनाची जी सवय लावली तिचा लाभ अशा लेखनाला झाला असणार. तरीही आपल्या अभ्यासक्रमांत ते 'प्रेरणादायी' या लेबलाखालीच वाचले जाते. प्रेरणा घेऊन वाचक मोकळा होतो. पायरी जागच्या जागी राहते.

वसतिगृहाच्या मार्गालाही एक मर्यादा आहे आणि ती मान्य करायला हवी. अपंगांसाठी उत्तम बांधलेली वास्तू शहराबाहेर उभी राहिली की शहराला स्वतः बदलण्याची निकड वाटेनाशी होण्याचा धोका असतो. उचगावातल्या उतारावरून सहज फिरणारी मुलगी शहरात आली की पुन्हा कोणाच्या तरी हातांवर उचलली जाते. संस्थेचा यात दोष नाही. जे सार्वजनिक यंत्रणेने करायचे ते संस्थेने केले, आणि यंत्रणेने तिला देणगी व पुरस्कार देऊन आपले कर्तव्य पार पडल्याचे मानले, ही खरी अडचण आहे.

कायद्याची भाषाही या दृष्टीने वाचनीय आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. पण रस्ते व इमारती सुगम करण्याचे कर्तव्य शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत बसवले. 'शक्तीप्रमाणे' अन्नवस्त्र द्यावे, हे स्मृतिवचन आणि 'कुवतीप्रमाणे' उतार बांधावा, हे आधुनिक कलम यांत अंतर आहे ते केवळ शतकांचे. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग-हक्क करार स्वीकारला आणि २०१६ च्या अधिनियमाने भाषा बदलली. अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले, त्यांत मानसिक आजारही आहे. राखीव जागा ४ टक्के झाल्या. समाजात राहण्याचा हक्क स्वतंत्र कलमाने दिला गेला. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांत सुगम करण्याचे बंधन आले. नियम २०१७ चे. मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगम्यतेचे निकष शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत.

दरम्यान शब्द मात्र वेगाने बदलले. पांगळा, अपंग, विकलांग आणि २०१५ नंतर दिव्यांग. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला. 'दिव्य' हे विशेषण सन्मानाने दिलेले आहे यात शंका नाही. पण आपल्या भक्तिपरंपरेतला पंगू ईश्वरकृपेने पर्वत ओलांडतो, त्याच्यासाठी कोणी घाट बांधत नाही. दिव्यत्व बहाल केले की घाट बांधण्याची जबाबदारी पुन्हा देवावर जाते, ही शंका भाषेच्या अभ्यासकाने तरी बोलून दाखवावी. येथे 'अपंग' हा जुना शब्द वापरला आहे तो त्यामुळेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. १९१५ च्या सुमारास शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ही वास्तू. ती पुन्हा उभी करायची, यावर शहराचे एकमत झाले. अशा पुनर्बांधणीकडे पाहताना प्रेक्षागृहात चाकाच्या खुर्चीसाठी जागा आहे का, एवढेच विचारून भागत नाही. रंगपटापर्यंत आणि रंगमंचापर्यंत ती खुर्ची जाते का, हेही विचारले पाहिजे. अपंग माणूस पाहायला येईल, एवढी कल्पना आपण आता करू शकतो. तो गायला, बोलायला, भूमिका करायलाही येईल, ही कल्पना नकाशात उतरते तेव्हा त्याचा वाटा मान्य होतो. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वाटणी अजून व्हायची आहे, आणि मिळकत सामाईक आहे.